दोन कोड आणि एक कोड न दाखवणारा बिघाड: इलेक्ट्रिक रेंजचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत न्यू जर्सीतील या घरात आम्ही राहायला आलो, तेव्हा आधीच्या मालकांची इलेक्ट्रिक रेंज स्वयंपाकघरात तशीच होती. वर सपाट काचेखाली चार बर्नर, खाली ओव्हन आणि मागच्या उभ्या पट्टीवर बटणे व घड्याळ असलेले इलेक्ट्रॉनिक कंट्रोल, अशी तिची रचना आहे. ती आठ वर्षांची असल्याने वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. रोजच्या पोळ्या, आमटी-भात यांसाठी बर्नर उत्तम आहेत, तवा मात्र बुडाशी अगदी सपाट हवा. त्याहून अधिक मला लिहायचे आहे ते या कंट्रोलवर उमटणाऱ्या, बिघाड सांगणाऱ्या कोडांविषयी, कारण त्यांचा अर्थ नीट न लावल्यामुळे आमचे ३०० डॉलर जवळजवळ वाया जाणार होते.

पहिला कोड आला गणेश चतुर्थीच्या रात्री. सगळे झोपल्यावर दोनच्या सुमारास रेंज एकसारखी वाजू लागली आणि घड्याळाच्या जागी ‘एफ ७’ दिसत राहिला. ‘रद्द’चे बटण दाबून आवाज थांबेना, म्हणून तळघरात जाऊन रेंजचा ब्रेकर पाडला आणि पाच मिनिटांनी पुन्हा चढवला. आवाज थांबला, पण दोन दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडला. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक कोडापुढे ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’ एवढेच छापलेले होते, आणि ही माझी या रेंजविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. खरी माहिती असते ती दुरुस्तीच्या तांत्रिक कागदावर. आमचा कागद मागच्या पट्टीच्या आत, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटपट्टीने लावलेला सापडला. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण वायरिंगचे चित्र, कोडांचा तक्ता आणि प्रत्येक कोडासाठी कोणत्या क्रमाने काय तपासायचे हे सगळे स्वच्छ वाचता येत होते.

आमच्या रेंजच्या तक्त्यानुसार ‘एफ ७’ म्हणजे एखादे बटण दाबलेलेच राहिले आहे, असे कंट्रोलला वाटणे. बटणांचा पातळ पडदा एका चपट्या रिबन केबलने बोर्डाला, म्हणजे कंट्रोलच्या आतल्या सर्किट बोर्डाला, जोडलेला असतो. ब्रेकर पाडून ती केबल काढायची, पट्टी बंद करून वीज पुन्हा द्यायची आणि वाट पाहायची: कोड आला नाही तर दोष पडद्यात, आला तर बोर्डात. आमच्याकडे कोड आला नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. नातू ओट्यापाशी खेळत असल्याने सासूबाई काळजीने कुकर नेहमी मागच्या बर्नरवर ठेवत होत्या आणि सणाच्या दिवशी तर दोन कुकर दिवसभर चालू होते. प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ आणि डाळीचे फेसाळ पाणी थेट पट्टीवर उडत होते. केबलच्या टोकावरील चंदेरी पट्ट्यांवर पिवळसर थर दिसला. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसला, पडदा दोन दिवस कोरडा होऊ दिला आणि केबल परत बसवली. तेव्हापासून कुकर पुढच्या बर्नरवर, त्यासमोर मुलांना रोखणारे जाळीचे फाटक आणि वरचा एक्झॉस्ट पंखा चालू, अशी व्यवस्था आहे. ‘एफ ७’ पुन्हा आलेला नाही.

दुसरा कोड अधिक शिकवून गेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नानकटाईसाठी ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर लावला. पंधरा-वीस मिनिटांनी तो बंद पडून ‘एफ ३’ उमटला, आणि गार झाल्यावर पुन्हा लावला तर जणू काही झालेच नव्हते अशा थाटात चालू झाला. आलेल्या कारागिराने सेन्सर न मोजताच बोर्ड गेला आहे असे सांगितले आणि बोर्डाचे ३०० डॉलर, मजुरी वेगळी, असा हिशेब दिला.

ओव्हनच्या मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला पेन्सिलीएवढी धातूची नळी असते. तोच तापमानाचा सेन्सर. त्याचा विद्युत रोध तापमानाबरोबर वाढतो: खोलीच्या तापमानाला सुमारे १०८० ते १०९० ओहम, ३५० अंशांना सुमारे १६५० ओहम. तार तुटली तर रोध अमर्याद होतो, म्हणजे कंट्रोलला ओव्हन अतोनात तापल्यासारखा दिसतो; तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट तो थंडगार असल्याचे भासते आणि हीटर चालूच राहण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कंट्रोल दोन्ही वेळा उष्णता तोडते आणि आमच्या रेंजवर पहिल्या स्थितीसाठी ‘एफ ३’ तर दुसऱ्यासाठी ‘एफ ४’ दाखवते. कोड त्या संपूर्ण मार्गाविषयी बोलत असतो: सेन्सर, मधल्या तारा, जोड आणि बोर्ड. त्यांतला नेमका कोणता भाग बिघडला, हे मोजूनच कळते.

ब्रेकर पाडून मी बोर्डाजवळच्या जोडावर रोध मोजणारा मल्टिमीटर लावला, तर १०८८ ओहम दिसले. सेन्सर निर्दोष वाटला. पण बिघाड गरम असतानाच होत होता, म्हणून मीटर तसाच जोडून ठेवला आणि ओव्हनच्या मागे, इन्सुलेशनच्या बाहेर येणारी तार बोटाने हलकेच हलवली. आकडा क्षणात नाहीसा झाला आणि तार सोडताच परत आला. मधल्या जोडातील एक पिन तपकिरी होऊन सैल झाली होती. तापून धातू प्रसरण पावला की संपर्क सुटत होता. तो जोड कापून टाकला आणि जास्त उष्णता सोसणारे चिनी मातीचे वायर नट, म्हणजे तारांची टोके जोडणाऱ्या टोप्या, लावले. साधे प्लॅस्टिकचे नट तेथे वितळतात, ते चुकूनही वापरू नयेत. नव्या सेन्सरला ३० डॉलर पडले असते, त्याचीही गरज लागली नाही. नानकटाई धनत्रयोदशीला झाली.

जानेवारीतील तिसऱ्या बिघाडाने कोडच दाखवला नाही. घड्याळ चालू, ओव्हनचा दिवा चालू, पण उष्णता नाही. येथे रेंजला २४० व्होल्ट लागतात आणि ते १२० व्होल्टच्या दोन तारांमधून मिळतात. घड्याळ व दिवा एकाच तारेवर चालू शकतात. आमच्या ४० अँपिअरच्या दुहेरी ब्रेकरची एक बाजू निकामी झाली होती. हे काम इलेक्ट्रिशियननेच केले आणि ते तसेच व्हावे. ब्रेकर पाडल्यावर घड्याळ विझले म्हणजे वीज गेली, असे मुळीच समजू नये, हे मला याच प्रसंगाने पटले. पट्टी उघडण्यापूर्वी मी आता दोन्ही तारा मीटरने तपासते.

सेल्फ क्लीनची, म्हणजे ओव्हन प्रचंड तापवून आतली घाण जाळण्याची, सोय मी एकदाही वापरलेली नाही. त्यात दार कुलूपबंद होऊन ओव्हन ९०० अंश फॅरनहाइटच्या आसपास जातो, आणि आठ वर्षांच्या तारा, दाराचे कुलूप व बोर्ड यांना तो ताण देण्याची माझी तयारी नाही. बेकिंग सोडा आणि ओले फडके पुरेसे ठरते.

आज मे महिन्यात रेंज व्यवस्थित चालते आहे. फक्त ‘रद्द’चे बटण दिवसेंदिवस अधिक जोराने दाबावे लागते. या मॉडेलचा बटणांचा नवा पडदा आता मिळत नाही, असे सुट्या भागांच्या दुकानात कळले. मोडीत निघालेल्या रेंजमधला एखादा मिळतो का, हे ते पाहत आहेत.