इंग्रजी विशेषणांची सराव-पुस्तिका : प्रश्न नेमके, उत्तरसूची कोती

मालवण-तारकर्ली परिसरात पर्यटकांशी रोज संबंध येणाऱ्या तरुणांना इंग्रजी शिकवताना सध्या मी एका स्थानिक शिकवणीवर्गाने छापलेली सराव-पुस्तिका वापरत आहे. तिच्या पहिल्या भागात विशेषणांच्या अर्थाची परीक्षा आहे, तर दुसऱ्या भागात कोणते विशेषण कोणत्या नामासोबत येते याची.

पहिला भाग बेताचाच आहे. ४० प्रश्नांना प्रत्येकी चार पर्याय असून चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे डोळे मिटून खुणा करणाऱ्याच्या पदरातही सरासरी १० गुण पडतात. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ यांतील फरक तपासणारे प्रश्न मात्र अचूक आहेत. कंटाळा आल्याचे सांगताना ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणून स्वतःलाच कंटाळवाणे ठरवणारा विद्यार्थी बहुतेक वर्गांत भेटतो.

पुस्तिकेचे खरे मोल दुसऱ्या भागात आहे. तेथे पर्याय नाहीत. विशेषणाचे केवळ पहिले अक्षर दिलेले असल्याने उत्तर ओळखून भागत नाही, ते आठवावे लागते. ‘रेन’पूर्वी ‘हेवी’, ‘विंड’पूर्वी ‘स्ट्राँग’ आणि खवळलेल्या ‘सी’पूर्वी ‘रफ’ लिहिताना, सुट्या शब्दांचे अर्थ पाठ असलेली मुलेही अडखळतात, आणि नेमके कोठे अडते ते शिक्षकाला लगेच कळते. उदाहरणे मात्र निम्मीअधिक बर्फाची आणि शेकोटीची आहेत. तारकर्लीत स्नॉर्कलिंगसाठी पाहुण्यांना नेणाऱ्या मुलाला ‘डीप स्नो’पेक्षा ‘शॅलो वॉटर’ अधिक उपयोगी पडेल, हे किनाऱ्यावरच राहणाऱ्या संपादकांना सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

शेवटच्या स्वाध्यायात पहिले अक्षरही दिलेले नाही, आणि तेथे उत्तरसूची तोकडी पडते. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नव्हे, इंजिनाला ‘पॉवरफुल’च शोभते, पण ‘आर्ग्युमेंट’ला दोन्ही विशेषणे चालतात. सूचीत केवळ ‘स्ट्राँग’ छापल्यामुळे घरी एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी आपले बरोबर उत्तर खोडून टाकतो. ‘रफ सी’प्रमाणेच रूढ असलेले ‘चॉपी सी’ही असेच चुकीचे ठरते.

छपाई स्वच्छ आहे आणि उत्तरे अखेरच्या सुट्या पानावर आहेत. शिक्षकांनी ते पान वाटण्याआधी आपल्याकडे ठेवावे आणि जेथे दुसरे उत्तरही ग्राह्य आहे तेथे ते हाताने लिहून घ्यावे.