फायटर माशाच्या टाकीतला ५० वॅटचा हीटर आणि स्पंज फिल्टर: दिवाळी ते मे, वापरानंतरचा अनुभव

हीटर अजून धड आहे. काचेला तडा नाही, थर्मोस्टॅट वेळच्या वेळी टिक् करतो, लाल दिवा लागतो, विझतो. निकामी झाली ती त्याला टाकीच्या काचेवर धरून ठेवणारी दोन रबरं. थंडी सरायच्या आतच ती पिवळी पडली, कडक झाली. फेब्रुवारीत एका सकाळी बघते तर वरचं रबर सुटलेलं, हीटर वायरीवर लोंबकळतोय आणि त्याचं तापलेलं टोक खडीत रुतलंय. रबर हातात घेऊन दाबलं तर कडेचा तुकडाच पडला. साडेपाचशे रुपयांच्या वस्तूत कंपनीने वाचवले किती, तर पाच रुपये.

वॉरंटी कार्ड होतं, बिल होतं, फोन लावला. "मॅडम, अ‍ॅक्सेसरी वॉरंटीत येत नाही." म्हटलं, रबर अ‍ॅक्सेसरी कसं? त्याशिवाय हीटर बसणार कुठे, माशाच्या डोक्यावर? पलीकडे शांतता. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. तीन महिने वापरलेल्या रबराचा अनबॉक्सिंग व्हिडिओ! सुटं रबर विकत द्या म्हटलं, तर "ते वेगळं मिळत नाही, नवीन युनिट घ्यावं लागेल." दोन दिवसांनी मेसेज आला, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं.

हे आधी सांगितलं, कारण बाकीचं बरंचसं चांगलंच आहे आणि त्या चांगल्यापायी माझा राग विझायला नको.

मासा आम्ही आणलेला नाही. सोसायटीत एका वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक पोराच्या हातात काचेची बरणी आणि त्यात एक फायटर दिला. (पेन्सिलचा डबा द्या हो, मंडळी.) आमच्या वाट्याला निळा हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारख्या शेपटीचा फायटर, आला, चिरंजीवांनी त्याचं नाव ठेवलं बाजी. बरणीत जेमतेम लिटरभर पाणी. बाजी दिवसभर तळाशी, पर मिटून, आणि शेपटीची कड काळपट, झिरमिळ्या सुटलेली. दुकानात विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळालं, "फायटर वाटीतही जगतो, तो वरची हवा घेतो."

हवा घेतो हे खरं आहे. फायटरला (याचंच दुसरं नाव बेटा) कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. पण माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, आणि लिटरभर पाण्यात तो साठायला वेळ लागत नाही. हवा वरून घेतली म्हणून कल्ले जळायचे थांबत नाहीत. दुसरं, हा मूळचा थायलंडकडचा मासा. तिथे २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळाला. तिथली भातखाचरं उथळ असतात, पण पसरलेली आणि ऊबदार. त्याला २५ ते २८ अंश पाणी लागतं. नाशिकच्या डिसेंबरात आमच्या हॉलमधल्या बादलीतलं पाणी पहाटे १७ दाखवत होतं. वाटीत जगतो म्हणजे मरायला वेळ लावतो, एवढाच त्याचा अर्थ.

तर १५ बाय १० बाय १० इंचांची टाकी घेतली, वरची रिकामी जागा आणि खडी सोडून वीस लिटर पाणी मावतं. दुकानदार २५ वॅटचा हीटर पुरेल म्हणत होता. नाशिक, पुणे, नगर या पट्ट्यात असाल तर ५० वॅटचाच घ्या. पहाटे पाणी खोलीपेक्षा आठ-दहा अंशांनी वर ठेवायचं, तर २५ वाला रात्रभर चालूच राहणार आणि तरी कमी पडणार. मुंबईला किंवा कोकणात २५ चालेल, काही घरांत तोही लागणार नाही.

हीटरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. माझा २६ वर लावला की पाणी २८ ला जातं, म्हणून २४ वर ठेवला होता. ऐंशी रुपयांचा काचेचा थर्मामीटर टाकीत हवाच. आणि पाणी बदलायच्या आधी हीटरचा प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, तापलेली नळी हवेत उघडी पडली की तडकते.

विजेचं विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत महिन्याला पंधरा-सोळा युनिटं जास्त पडली. सासूबाईंचं म्हणणं, "माशाला चोवीस तास गिझर, आणि मी दोन बादल्या ऊन पाणी घेतलं की तू मीटर बघतेस." त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण बिल महावितरणचं येतं आणि भरते मी. नंतर थर्माकोलचा तुकडा टाकीच्या मागच्या बाजूला आणि बुडाखाली लावला, तेव्हा दिवा विझलेला जास्त वेळ दिसायला लागला.

आता फिल्टर. दुकानात तासाला ३०० लिटर ओढणारा पॉवर फिल्टर गळ्यात मारत होते. वीस लिटरच्या टाकीत म्हणजे सगळं पाणी तासाला पंधरा वेळा फिरणार. हाफमूनच्या शेपटीचा पसारा बघा, त्या प्रवाहात तो दिवसभर पतंगासारखा फडफडत राहील. मी दीडशे रुपयांचा स्पंज फिल्टर आणि एक लहान एअर पंप घेतला, स्वस्त होता म्हणून. आज विचाराल तर सगळ्या खरेदीत सरस वस्तू हीच. त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. पंपाची हवा नळीतून स्पंजात जाते, बुडबुडे वर येताना पाणी स्पंजातून खेचलं जातं, कचरा अडकतो आणि स्पंजाच्या छिद्रांत जिवाणू वस्ती करतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हेच जिवाणू करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, ते आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

ही वस्ती बसायला महिना तरी जातो. मासा आधीच हातात होता, त्यामुळे पहिले काही आठवडे अमोनिया तपासायच्या टेस्ट किटच्या काचेच्या नळीतलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं की लगेच तिसरा हिस्सा बदलायचा, असं चाललं होतं. शेजारच्या इमारतीतल्या काकांची जुनी टाकी आहे. त्यांनी आपला स्पंज आमच्या टाकीत पिळून दिला. पाणी दिवसभर गढूळ दिसलं, पण त्यानंतर हिरवा रंग झपाट्याने फिका पडला. फुकटात एवढं मोठं काम दुसऱ्या कशाने होत नाही, ओळखीत कुणाची निरोगी टाकी असेल तर लाजू नका. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धरलात तर क्लोरीनने सगळी वस्ती साफ. नवीन पाण्यातही अँटीक्लोरीनचे थेंब टाकूनच ते टाकीत ओतायचं.

पंप गुरगुरतो. घडी घातलेल्या पायपुसण्यावर ठेवला की बराच गप्प बसतो. तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता येत नसेल तर नळीत दहा-वीस रुपयांचा नॉन-रिटर्न वाल्व्ह बसवा, नाहीतर लाइट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीवाटे उलटं येऊन पंपात, पंपातून फरशीवर. बुडबुडे जास्त वाटले तर नळीला लावायची प्लॅस्टिकची चावी मिळते.

आता हीटरकडे परत येते, कारण इथे माझं मत बदललं. रबरं गेल्यावर न्हाणीघरातल्या साबणदाणीचं सक्शन काढून लावून बघितलं, ते एक रात्रही टिकलं नाही. शेवटी वैतागून हीटर आडवाच ठेवला, दोन टोकांना दोन गुळगुळीत दगड, मध्ये खडीपासून दोन बोटं अंतर. पूर्ण बुडणारा म्हणून खोक्यावर लिहिलेलं असेल तरच असं करायचं, काही हीटरचं डोकं पाण्याबाहेर ठेवावं लागतं. आधी उभा होता तेव्हा पाणी वर २६ आणि तळाशी २४ असायचं. आडवा केल्यापासून दोन्हीकडे सारखंच. गरम पाणी आपोआप वर चढतं, मग उष्णता तळाशी दिलेली बरी, हे खोक्यातल्या कागदावर एका ओळीत लिहायला काय झालं होतं? म्हणजे रबर तुटलं ते एका परीने बरंच झालं. तरीही कंपनीला त्याचे गुण देणार नाही. त्यांनी ते मुद्दाम तोडलेलं नाही.

थर्मोस्टॅटची एक भीती मात्र मनात आहे. या हीटरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. तिचे काँटॅक्ट कधीकधी चिकटतात आणि हीटर बंदच होत नाही, टाकीचा रस्सा होतो. माझ्याकडे तसं झालेलं नाही. पण पुढच्या थंडीआधी एसटीसी-१००० सारखा, पाणी ठरल्यापेक्षा तापलं की हीटरची वीज तोडणारा, बाहेरचा कंट्रोलर लावणार आहे. साडेपाचशेच्या हीटरला जवळपास तेवढ्याच किमतीचा राखणदार, हे अजून पचलेलं नाही.

शेपटीचं सांगते. दुकानात कुठल्याही आजारावर निळं औषध काढून देतात. मी बाटली आणली आणि फोडली नाही, कारण मेथिलीन ब्लू टाकलं की स्पंजातले जिवाणूही मरतात आणि टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. पाणी स्वच्छ आणि ऊबदार राहिलं एवढ्यावर शेपटी सडायची थांबली. जानेवारीत काळ्या कडेच्या बाहेर पारदर्शक पापुद्रा दिसायला लागला, इतका पातळ की टॉर्च बाजूने धरला तरच कळे. मग त्यात आधी रेघा आल्या, पाठोपाठ निळा रंग. दोन ठिकाणी कड अजून वाकडी आहे, ती बहुतेक तशीच राहील. सड फार आत गेलेली असेल, अंगाला सूज असेल तर नुसत्या पाण्यावर विसंबू नका, माशांचं कळणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

टाकीत टाकायच्या बदामाच्या पानांबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. ऑनलाइन दहा वाळक्या पानांचे दीडशे रुपये! तोच देशी बदाम आमच्या कॉलनीत फुटपाथवर लाल पानं ढाळत असतो आणि झाडूवाल्या मावशी ती गोळा करून कंटाळतात. फवारणी न झालेल्या झाडाची, आपोआप गळलेली, तपकिरी वाळलेली पानं उचलली, धुतली आणि एक टाकलं. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पानातले टॅनिन जंतूंना थोडाफार अटकाव करतात, पाण्याची आम्लता किंचित वाढवतात. त्याने चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही, पण मासा त्या पानाखालीच बसतो आणि पानाच्या कडेला बुडबुड्यांचं घरटं बांधतो. तोंडात हवा घ्यायची, ओला बुडबुडा सोडायचा, मागे सरून बघायचं, पुन्हा हवा. घरटं म्हणजे मासा खूश, असं सगळीकडे वाचाल. तसं काही नाही, नर वयात आला की गढूळ बरणीतही बांधतो. खूश आहे की नाही ते परांवरून बघा, उघडे आहेत की मिटलेले.

खाणं सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन, आठवड्यातून एक दिवस उपास. उरलेला दाणा तळाशी कुजून पुन्हा अमोनियाच होतो, म्हणून डबी चिरंजीवांच्या हाताला लागणार नाही अशी फ्रिजवर.

आता मे आहे. पाणी दुपारी ३१ पर्यंत जातं, हीटर फेब्रुवारीतल्या त्याच दगडांवर, पण प्लग काढलेला. दुपारी छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला की बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात, फक्त पातळी घटते, ती रोज भरून काढावी लागते.

गुण द्यायचे तर स्पंज फिल्टर पाचपैकी साडेचार, अर्धा गुरगुरीचा कापला. हीटर तीन. रबर धड असतं तर चार दिले असते.

आता जाऊबाईंच्या मुलीलाही कुणीतरी बरणीतला फायटर दिलाय आणि त्यांना एकदम सगळा खर्च नको आहे. अडीच हजारांच्या आत सगळं बसतं, पण क्रम असा सांगितला: टाकी आणि अँटीक्लोरीन आजच, स्पंज आणि पंप या आठवड्यात, हीटर दिवाळीपर्यंत थांबू शकतो. झाकण मात्र टाकीबरोबरच. हा मासा उडी मारतो, आणि वरची हवा दमट, ऊबदार राहिली तर त्याच्या श्वासालाही बरं. काचवाला शंभर-सव्वाशेत कापून देतो. एक कोपरा तिरका कापून घ्या, नाहीतर वायर आणि नळी आत जाणार नाही आणि पुन्हा फेरी पडेल.