हुआ हिनमधलं 90 वर्षांचं घर

थायलंडमध्ये आम्हाला घर मिळवून देणाऱ्या त्या मुलाने सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. फसवणारा म्हणजे थापाड्या, अशी कोणाची समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी, म्हणून हे पहिल्यांदा लिहितो. थापाड्या माणूस दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतो. याने मोठी थाप मारली ती एकच, आणि तीही अशा जागी की तिथवर आमची नजर पोचू नये याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

निवृत्तीनंतर दोघांच्या पेन्शनीत नीट भागेल, हवा मानवेल, चांगलं इस्पितळ जवळ असेल आणि व्हिसापायी दरवर्षी जीव टांगणीला लागणार नाही, असा देश आम्ही शोधत होतो. पनामात महिना 1,000 डॉलरची आजन्म पेन्शन दाखवली की पेन्शनर म्हणून राहता येतं, पण ते पडलं जगाच्या दुसऱ्या टोकाला. पोर्तुगालने नव्याने येणाऱ्यांसाठीची जुनी करसवलत 2024 पासून बंद केली. मलेशिया मनात भरला होता. तिथली 'मलेशिया माय सेकंड होम' योजना 2002 पासूनची, नावाजलेली. पण 2021 मध्ये तिच्या अटी महिना 40,000 रिंगिट उत्पन्न आणि 10 लाख रिंगिट मुदतठेव इथपर्यंत नेल्या, 2024 मध्ये त्या पुन्हा बदलल्या. ज्या योजनेच्या भरवशावर उरलेलं आयुष्य बांधायचं तिचं असं असेल तर कठीणच.

उरला थायलंड. वय 50 च्या पुढे हवं, थाई बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख बाथ किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न हवं, आणि सलग राहिलात तर दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. झेपण्यासारखं होतं. बँकॉकच्या नैर्ऋत्येला, गाडीने तीन-एक तासांवर, समुद्रकाठचं हुआ हिन आम्हाला आवडलं. जगभरातले निवृत्त लोक तिथे राहतात, इस्पितळं आहेत, आणि बँकॉकसारखी गर्दी नाही.

तिथेच हा भेटला. मराठी बोलणारा, पस्तिशीतला, पहिल्या वाक्यापासून काका-काकू. परदेशात कोणी आपल्या भाषेत 'काकू, पाणी घ्या आधी' म्हटलं की माणूस अर्धा मोकळा होतो, आणि हे त्याला चांगलंच माहीत होतं. पहिल्या दिवसांत त्याने विकायचं नावच काढलं नाही. इमिग्रेशनचं कार्यालय दाखवलं, कुठल्या इस्पितळात हृदयविकाराचे डॉक्टर चांगले ते सांगितलं. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही, हेही त्यानेच सांगितलं. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर असू शकतं, आणि त्यासाठीचे पैसे बाहेरून परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला लागतो, हेही त्याच्याच तोंडून ऐकलं. एकदा तर म्हणाला, "काका, थाई माणसांच्या नावावर कंपनी काढून जमीन घ्या असं कोणी म्हणालं तर उभेसुद्धा राहू नका. नावापुरते भागीदार दाखवणं इथे गुन्हा आहे."

हे खरंच गुन्हा आहे. आम्ही नंतर पडताळलं. त्याचं दरेक वाक्य पडताळत होतो आणि दरेक वाक्य खरं निघत होतं. दुसऱ्यांच्या फसवणुकीपासून आपल्याला सावध करणाऱ्यावर संशय कसा घेणार? त्याचं सगळं भांडवल हेच होतं.

मग यथावकाश बंगला निघाला. दोन खोल्यांचा, मागे लहानसं अंगण, सहा बंगल्यांच्या वसाहतीतला. जमीन विकत नाही, भाडेपट्ट्याने. 30 वर्षांचा पट्टा, पुढे 30, पुढे आणखी 30, म्हणजे 90 वर्षं. सगळं भाडं एकदम आगाऊ: 32 लाख बाथ. वर पट्टा लँड ऑफिसमध्ये नोंदवण्याचा खर्च 1.1 टक्का. हा दरही खरा आहे, 1 टक्का नोंदणी आणि 0.1 टक्का मुद्रांक.

आता 63 वर्षांच्या माणसाला 90 वर्षांचा पट्टा कशाला हवा, हा प्रश्न कोणीही विचारील. आम्हीही विचारला. 30 वर्षंच धरली तरी मी 93 चा होतो. त्यावर तो हसून म्हणाला, "काका, विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला 60 उरलेली दिसायला हवीत ना." उत्तर बिनतोड होतं, फक्त कायद्यात बसणारं नव्हतं. थाई कायद्यात स्थावराचा असा पट्टा 30 वर्षांहून लांब करता येत नाही. लांब लिहिला तर तो 30 वरच आणला जातो. पुढची 30-30 म्हणजे मालकाने दिलेला शब्द. मालक बदलला की नवा मालक त्या शब्दाला बांधील राहील याची काही हमी नाही. पण ही थाप नव्हे. तिथे निम्मा बाजार 90 वर्षं म्हणूनच विकतो, आणि नुसतं एवढ्यावर निभावलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

थाप होती कागदात. थायलंडमध्ये जमिनीच्या मालकीचा सगळ्यात पक्का दस्त म्हणजे चानोत. वर लाल गरुडाचं राजचिन्ह, खाली भूखंड क्रमांक, मोजणीचा नकाशा, मालकाचं नाव. आम्हाला त्याची रंगीत प्रत दिली. करारावर मालक म्हणून सही करणाऱ्या गृहस्थांचंच नाव तिच्यावर होतं, ते आम्ही दुभाष्याकडून वाचूनही घेतलं. हिची उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेलेली. ती लगेच म्हणाली, "मागची बाजू कुठे आहे? आणि मूळ कागद?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. म्हणाला, "काकू, मोठ्या भूखंडाचे सहा तुकडे पाडायचं काम चालू आहे. मूळ कागद त्यासाठी लँड ऑफिसात जमा आहे. नवे सहा चानोत आले की तुमच्या पट्ट्याची नोंद त्याच दिवशी." भूखंड फोडताना मूळ कागद खरोखरच लँड ऑफिसात द्यावा लागतो. तेही पडताळलं. मागच्या बाजूच्या प्रतीचा प्रश्न मात्र त्या स्पष्टीकरणाच्या आडून निसटला.

चानोतच्या पुढच्या बाजूला नाव असतं ते ज्याच्या नावे तो दस्त निघाला त्याचं. पुढे जमीन विकली गेली, गहाण पडली, पट्ट्याने दिली, की दरेक व्यवहार तारखेसह मागच्या तक्त्यात चढतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' पाहिल्याशिवाय जमिनीला हात लावत नाहीत, तसाच तो तक्ता. आम्हाला दिलेली प्रत अस्सल कागदाचीच होती. करारावर सही करणारा माणूस त्या जमिनीचा मालक होताही. पूर्वी.

घाई करायला त्याच्याकडे बातमी होती, आणि बातमीही खरी. जून 2024 मध्ये थाई सरकारने पट्ट्याची मुदत 30 वरून 99 वर्षं आणि फ्लॅटमधला परदेशी हिस्सा 49 वरून 75 टक्के करता येईल का, हे तपासायला गृह खात्याला सांगितलं होतं. त्याच्या तोंडी याचं झालं, "कायदा आलाच म्हणून समजा, मग हाच बंगला दीडपट." ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने 4 कोटी बाथ गुंतवणाऱ्या परदेशी लोकांना एक राई, म्हणजे 1,600 चौरस मीटर, जमीन घेऊ देण्याचा प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला होता आणि लोकांचा विरोध पाहून पुढच्याच महिन्यात मागे घेतला होता. हे त्याने सांगितलं नाही.

पैसे तीन हप्त्यांत गेले. नोंदणीखर्चाची पावती मिळाली ती बांधकाम कंपनीच्या छापील कागदावर. किल्ल्या मिळाल्या, राहायलाही गेलो, आणि काही महिने खरोखर सुखाचे गेले.

मधल्या काळात त्याने आणखी एक सोय पुढे केली. 8 लाख बाथ स्वतःचे कशाला अडकवता, थोडं शुल्क द्या, व्हिसापुरते खात्यात कोणीतरी भरेल आणि मग काढून घेईल. तिथे हे सर्रास चालतं असं म्हणाला. ही म्हणाली, "खातं माझं आणि पैसे कोणाचे ते मला माहीत नाही? असलं आयुष्यात केलं नाही." 2019 पासूनचा नियम असा की ती रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने आणि मुक्काम मंजूर झाल्यावर तीन महिने पूर्ण राहिली पाहिजे, नंतरही 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. उसन्या पैशांवर हे निभत नाही, आणि पकडला जातो तो पासपोर्टवाला. एजंटाचं नाव कुठेच नसतं.

बिंग फुटलं ते मुक्काम वाढवायला गेल्यावर. घरात परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. त्या फॉर्मला टीएम 30 म्हणतात. आमचा फॉर्म भरल्याचं तो सांगत होता, पण पोच काही देत नव्हता. खिडकीवरच्या बाईंनी घरमालकाची कागदपत्रं मागितली. त्याला फोन केला तर आधी 'आणतो', मग 'उद्या', मग फोन बंद. बाईंनी पत्ता टाकून पाहिला. त्या पत्त्याची मालक म्हणून नोंद होती एका कंपनीची, आणि त्या कंपनीचं नाव आम्ही कधी ऐकलेलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही स्वतःचा वकील केला. याआधी करार तपासणारा वकील 'पॅकेजमध्येच' होता, तो कोणाचा माणूस हे सांगायला नको. नव्या वकीलबाईंनी लँड ऑफिसमधून नोंद काढली. मागच्या तक्त्यात, आमच्या कराराच्या किती तरी आधी, जमीन त्या कंपनीला विकल्याची नोंद. तिच्याखाली ती बँकेकडे गहाण टाकल्याची. आमच्या पट्ट्याची नोंद कुठेच नाही. तुकडे पाडण्याचा अर्जही नाही.

तीन वर्षांच्या वरचा पट्टा नोंदवलेला नसेल तर तो फार तर तीन वर्षांपुरता धरला जातो, असं वकीलबाईंनी सांगितलं. तोही मालकाने दिला असेल तर. आम्हाला तर परक्याचीच जमीन परक्यानेच दिलेली. कंपनीने कर्ज थकवलं होतं, जमीन लिलावाच्या रांगेत होती, आणि आम्ही त्या घरात कोणीच नव्हतो.

पुढचं नीट वाचा. इतका काळ बंद असलेला त्याचा फोन आम्ही वकील केल्याबरोबर सुरू झाला. रडला, माफी मागितली, म्हणाला, "काका, माझीही फसवणूक झालीय. पैसे परत करतो, थोडे थोडे करून. पोलिसांत गेलात तर खाती गोठतील, मग कोणालाच काही मिळणार नाही." आणि खरंच एक छोटी रक्कम पाठवली. पुढच्या रकमेची तारीख दिली, ती हुकली, नवी दिली. आम्हाला वाटलं घाबरलाय. वकीलबाईंनी वेगळाच हिशेब मांडला. थायलंडमध्ये साध्या फसवणुकीचा गुन्हा तडजोडयोग्य मानतात, आणि तशा गुन्ह्याची फिर्याद, गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ते उलटले की फौजदारी दार बंद. तो पैसे परत करत नव्हता, महिने विकत घेत होता.

पोलीस ठाण्यातही एक खाच आहे. 'नोंद करून ठेवा' म्हणून दैनंदिनीत टिपण करून घेतलं, तर ती फिर्याद होत नाही आणि मुदत चालूच राहते. आरोपीवर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा आहे, असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. आमच्या शेजारच्या बंगल्यातलं वयस्कर जोडपं टिपण करून निर्धास्त राहिलं. मुदत उलटल्यावर त्यांना हे कळलं. आमची फिर्याद वेळेत गेली, खटला उभा राहिला. सही करणारे गृहस्थ जामिनावर आहेत. पैशांचा दावा वेगळा चालू आहे, त्यातून किती हाती लागेल याबद्दल वकीलबाई फार बोलत नाहीत.

आम्ही हुआ हिन सोडलेलं नाही. वर्षाच्या कराराने फ्लॅट घेतलाय, दोन महिन्यांचं भाडं अनामत, व्हिसाचे 8 लाख आपल्याच खात्यात. देश स्वस्त आहे आणि माणसं चांगली आहेत, हे अजूनही म्हणतो. आम्हाला लुबाडणाऱ्यांतला मुख्य माणूस आमच्याच भाषेत बोलत होता. कोणाला घरच हवं असेल, तर 30 वर्षांचा नोंदवलेला पट्टा किंवा हयातभर वापराचा नोंदवलेला हक्क, यांतलं काही तरी घ्यावं. साठीच्या माणसाला त्याहून जास्त लागत नाही. शेवटचा मोठा हप्ता लँड ऑफिसच्या टेबलावरच, नोंद चढताना द्यावा, आणि पावती लँड ऑफिसचीच घ्यावी.

तो मुलगा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाचं कार्यालय थाटून बसलाय, असं अलीकडे दोघांनी कळवलं. जमीन घेता येत नाही हे तो आजही आपणहून सांगतो. बनावट कंपन्यांपासून सावध करतो, 99 वर्षांचा कायदा येतोय म्हणतो. कोणाला भेटला तर वाद घालू नका. "आत्ता माझ्या वकिलाला घेऊन लँड ऑफिसला जाऊ आणि मागचा तक्ता पाहू," एवढंच म्हणा, आणि न जाण्याचं कोणतं कारण तो सांगतो ते लिहून घेऊन मला कळवा. वकीलबाई अशी कारणं फाइलला लावताहेत.