स्लाइड्स कुठे ठेवाव्यात: विद्यापीठाची रिपॉझिटरी की झेनोडो?

एका सहकारी प्राध्यापिकेला व्याख्यानांच्या स्लाइड्स आणि संशोधनाचा डेटा खुला करायचाय, पण विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत (म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात) की झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहात, यावर गाडी अडलीय.

खर्च दोन्हीकडे शून्य. फरक मेहनतीत. विद्यापीठात ग्रंथपाल नोंदी तपासून देतात, अर्थात त्यांच्या सवडीने; सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या झेनोडोवर (२०१३पासून) सगळं स्वतः भरायचं, पण डीओआय (साहित्याचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) लगेच हातात. स्लाइड्स तर दरवर्षी बदलतात! झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक. नोकरी बदलली तरी खातं आपलंच.

दुसऱ्यांच्या हक्काची चित्रं मात्र आधी काढा, दोन्हीकडे.

प्रबंध आणि लेखांच्या स्वीकृत (नियतकालिकाने मान्य केलेल्या) प्रती विद्यापीठाकडे द्याव्यात. डेटा, कोड आणि सतत बदलणारं अध्यापन साहित्य झेनोडोवर.