गळका स्कायलाइट: सिलिकॉन भरावे की फ्लॅशिंग बदलावे?

निवड करण्याआधी स्कायलाइटमध्ये, म्हणजे छतातल्या काचेच्या खिडकीत, पाणी कुठून शिरते ते शोधावे: कोरड्या दिवशी एकाने पाइपने आधी खालच्या कडेला, मग दोन्ही बाजूंना आणि शेवटी वरच्या कडेला पाणी सोडावे, व दुसऱ्याने आतून पहिला थेंब टिपावा. काच आणि चौकट यांमधले सील तडकले असेल, तर ते पूर्ण खरवडून कोरड्या जागेत सिलिकॉन भरणे पुरते. पाणी चौकट आणि छताच्या सांध्यातून येत असेल, तर मात्र हा सांधा झाकणारा फ्लॅशिंगचा पत्राच बदलावा, असे माझे ठाम मत आहे. कारण गंजलेल्या पत्र्यावर थापलेले सिलिकॉन प्रसरण-आकुंचनाने सुटते आणि आत मुरलेल्या पाण्याने लाकूड कुजते. थंडीत काचेवर आतून साचणाऱ्या दवावर दोन्ही उपाय निरुपयोगी आहेत.