कार्डियाक सीटीतलं ऑटो केव्ही: काही महिने वापरल्यावरचं मत

आमच्या सेंटरला १२८ स्लाइसचं मशीन आलं तेव्हा सोबत ऑटो केव्ही (पेशंटच्या चणीप्रमाणे एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज, म्हणजे केव्ही, मशीनने स्वतः निवडणं) आणि इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (इमेजचा दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, सॉफ्टवेअरने कमी करणं) अशी दोन ऑप्शन्स घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हल्ली बहुतेक सगळ्यांकडे हे वेगवेगळ्या नावांनी मिळतं. मी टेक्निशियन. रिपोर्ट माझ्याकडे नाही, त्यामुळे हे मत कन्सोलवर बसणाऱ्याचं समजा.

आधी सगळी कोरोनरी अँजिओ (शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट देऊन हृदयाच्या धमन्यांचा सीटी) १२० केव्हीवर चालायची. बारीक चणीच्या आजींना उगाच जास्त रेडिएशनचा डोस आणि शंभर किलोच्या काकांची इमेज दाणेदार. जाड पेशंटचं गणितच वाईट असतं. साधारण चार सेंटिमीटर जास्तीच्या टिश्यूमागे एक्स-रे निम्मे होतात, म्हणजे तेवढीच स्वच्छ इमेज हवी तर एमएएस (एक्स-रेचं एकूण प्रमाण) दुप्पट. आहे तो नॉइज निम्मा करायचा म्हटलं तर चौपट. कुठेतरी ट्यूबच हात वर करते.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो लहान चणीच्या पेशंटना, आणि ही अपेक्षा मला नव्हती. ऑप्शन घेताना सगळी चर्चा जाड पेशंटचीच होती. केव्ही खाली आणलं की बीमची ऊर्जा आयोडीनच्या ३३ केइव्हीच्या के-एजजवळ (जिथून आयोडीन एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं) येते आणि कॉन्ट्रास्ट जास्त उजळ दिसतं. १२० वरून १०० वर आलात तर उजळपणा साधारण २५ टक्क्यांनी वाढतो, आणि एमएएस तेच ठेवलं तर डोस एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. पंचेचाळीस किलोच्या मावशींना मशीन ८० सुचवतं, आणि तिथे कॉन्ट्रास्टही कमी पुरतं. क्रिएटिनिन काठावर, म्हणजे किडनी जेमतेम असलेल्या डायबेटिक पेशंटसाठी आमचे डॉक्टर सर याच कारणाने खूश आहेत.

पण ऑटो म्हणजे डोळे मिटून नव्हे. मशीन ठरवतं ते स्काऊट (स्कॅनआधीची साध्या एक्स-रेसारखी इमेज) बघून. टेबल दोन बोटं वर-खाली राहिलं तरी स्काऊटमध्ये छाती आहे त्यापेक्षा रुंद किंवा अरुंद दिसते आणि एमए (ट्यूबचा करंट) त्याप्रमाणे चुकतं. शिवाय बो-टाय फिल्टर (बीमच्या कडा फिकट करणारा) मधोमध झोपलेल्या माणसासाठी बनवलेला, त्यामुळे कडेला गेलेल्या पेशंटचा नॉइज वाढतो तो वेगळाच. हृदय डावीकडे असल्याने आम्ही पेशंटला थोडं उजवीकडे सरकवून झोपवतो. ७० सेंटिमीटरच्या बोअरमध्ये (मशीनच्या भोकात) जाड माणसाला ते जमेलच असं नाही. मंगळसूत्राचं तर रोजचंच. काढायला कोणी तयार नसतं, म्हणून सिस्टर ते वर घेऊन हनुवटीशी कापसात गुंडाळतात आणि टेपने धरतात. स्काऊटच्या आधी, नंतर नाही. छाती जड असेल तर तीही वर उचलून टेप लावली की हृदयावरची जाडी खरोखर कमी होते. हे मॅन्युअलमध्ये नव्हतं, सिस्टरनी सुचवलं.

पूर्वी आम्ही केव्ही बीएमआय पाहून ठरवायचो. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचा २००४ सालचा 'लॅन्सेट'मधला जोडफोटो वैद्यकीय क्षेत्रातल्यांना माहीत असेल. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आकडा तोच, शरीर वेगळं. आमच्याकडे पोट सुटलेले पण छातीने अरुंद असे पुष्कळ येतात. बीएमआय ३०, आणि १०० केव्हीवर इमेज लखलखीत. उलट व्यायामशाळेतला रुंद खांद्यांचा गडी बीएमआय २७ ला १२० मागतो. इथे मशीन आमच्यापेक्षा शहाणं निघालं.

जाड पेशंटबाबत मात्र सुधारणा बेताची. १२० आणि जास्तीत जास्त एमए, हिरवी व्हेनफ्लॉन (शिरेत घालायची जाड नळी) चांगल्या शिरेत, ३७० चं (एमएलमागे ३७० मिलिग्रॅम आयोडीनचं) कॉन्ट्रास्ट सेकंदाला साडेपाच-सहा एमएल. यातला शेवटचा भाग ऑटो केव्ही करत नाही, तो आपणच करायचा. केव्ही चढलं की आयोडीन फिकं पडतं, म्हणून ते वेगाने पोचायला हवं. स्लाइस ०.६ मिलिमीटरऐवजी थोडी जाड काढली तर बरं दिसतं. इटरेटिव्हची स्ट्रेंथ पाचपैकी तीनच्या वर नेली की धमन्या प्लॅस्टिकच्या बाहुलीसारख्या गुळगुळीत होतात. रिपोर्ट करणाऱ्या मॅडम अशी सीरिज सरळ परत पाठवतात. पल्स ६५ च्या वर असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, आधी मेटोप्रोलॉल (ठोके मंदावणारं औषध).

दोन तक्रारी. पहिली, बोलस ट्रॅकिंगची (कॉन्ट्रास्ट पोचल्याचं पाहून स्कॅन सोडण्याची) १०० एचयूची (एचयू म्हणजे सीटीतल्या उजळपणाचं एकक) मर्यादा सगळ्या केव्हींना तीच राहते. ८० वर ती लवकर गाठली जाते, स्कॅन घाईने सुटतो आणि डाव्या बाजूची धमनी अर्धी भरलेली दिसते. आम्ही ८० साठी वेगळा प्रोटोकॉल करून मर्यादा वाढवून ठेवली. दुसरी, कॅल्शियम स्कोअरच्या (धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजण्याच्या) प्रोटोकॉललाही ऑटो केव्ही चालू अवस्थेतच आलं होतं. स्कोअर १३० एचयूच्या मर्यादेवर मोजतात आणि ती १२० केव्हीशी बांधलेली आहे. केव्ही खाली आलं तर स्कोअर फुगतो. इन्स्टॉलेशनला आलेल्याने हे बंद करून द्यायला हवं होतं, आम्हाला फोन करून करून बंद करून घ्यावं लागलं.

पैसे वसूल का? चणीने वेगवेगळे पेशंट रोज येत असतील तर हो. महिन्याला चार-पाचच कार्डियाक होत असतील तर १०० आणि १२० असे दोन प्रोटोकॉल बनवा, स्काऊटवर छातीची रुंदी मोजा आणि हाताने निवडा. घ्यायचंच ठरलं तर डेमोला कंपनीने आणलेला बारीक व्हॉलंटियर झोपवू देऊ नका, तुमच्याकडचा सगळ्यात जाड पेशंट त्या दिवशी बोलावून ठेवा.