टॅकोमाची जुनी केबिन आणि नवी केबिन: स्क्रीन राहू दे, आधी सीट बघा

माझ्याकडे २०१७ ची टोयोटा टॅकोमा पिकअप आहे, तिसऱ्या पिढीतली, चार दारांची डबल कॅब, टीआरडी ऑफ-रोड ट्रिम, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीचं व्हेरियंट. पहिल्या दिवसापासून मीच चालवतोय, त्यामुळे कुठलं बटण कुठे आहे हे बघावं लागत नाही, हात आपोआप जातो. मित्राने २०२४ ची नवी घेतली, म्हणजे चौथी पिढी, ट्रिम तेच, डबल कॅबच, फक्त त्याने मोठी स्क्रीन आणि मोठा डिजिटल मीटर हे दोन्ही ऑप्शन टाकून घेतलेत. तो दोन आठवडे बाहेरगावी होता आणि चावी माझ्याकडे ठेवून गेला होता, तर मी एक दिवस त्याची आणि एक दिवस माझी अशा दोन्ही आलटून पालटून चालवल्या. एकाच रस्त्यावर, एकाच माणसाने, लागोपाठ चालवल्यावर जे फरक कळतात ते शोरूममध्ये पाच मिनिटं बसून कळत नाहीत, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. इंजिन, सस्पेन्शन, हौदा यावर काही लिहिणार नाहीये, फक्त आतलं.

ज्याला त्याला पहिला प्रश्न पडतो तो १४ इंची स्क्रीनचा. साहजिक आहे, दार उघडलं की तीच दिसते. पण मला विचाराल तर या नव्या केबिनमधली सगळ्यात मोठी सुधारणा फोटोत दिसतच नाही, ती आहे बसायची उंची.

ज्यांनी तिसऱ्या पिढीची टॅकोमा चालवलीये त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. २०१६ ते २०२३ पर्यंतच्या त्या गाडीत फ्लोअर उंच आणि छप्पर त्या मानाने खाली, मग माणसाला बसवायला सीट खाली न्यावी लागली, आणि परिणाम असा की तुम्ही सतरंजीवर पाय पसरून बसल्यासारखे बसता, गुडघे जवळपास सरळ आणि मांडीला खालून पुरता आधार नाही. आणि २०१९ पर्यंतच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरची सीट पुढेमागे होते, पाठ झुकते, पण वर होत नाही. लांबच्या ड्राइव्हला कंबर भरून येते ही या पिढीच्या मालकांची कायमची ओरड, लोक सीटच्या पुढच्या बोल्टखाली स्पेसर टाकून पुढची बाजू उचलून घेतात, बाजारात त्यासाठी तयार किट मिळतात यावरूनच काय ते समजा. २०२० मध्ये वरच्या ट्रिममध्ये १० प्रकारे हलणारी पॉवर सीट आली, कंबरेच्या आधारासकट, आणि बरंच बरं झालं, पण फ्लोअर आणि छप्पर तेच होतं त्यामुळे मूळ दुखणं राहिलंच.

नवीन गाडी पूर्ण नव्या चासीवर आहे, टीएनजीए-एफ, म्हणजे टोयोटाचीच मोठी पिकअप टुंड्रा आणि नव्या लँड क्रूझरच्या खाली आहे तोच पाया, आणि तिथेच हा प्रश्न सुटलाय. खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. गुडघे वाकलेले, मांडी टेकलेली, पाय पेडलवर वरून येतो. पहिल्याच दिवशी साधारण चार तास सलग चालवली आणि उतरल्यावर पाठ ताणायची जी सवय लागलीये ती आठवलीच नाही. गंमत बघा, कागदावर पुढच्या सीटची पायाची जागा ४२.९ इंचांवरून ४१.८ इंच झालीये, म्हणजे आकड्यात कमीच, पण पाय लांब करायची गरजच उरली नाही तर तो इंच जातो कुठे हे कळतही नाही. म्हणून नुसते स्पेसिफिकेशनचे आकडे वाचून जुनी पुढे मोठी होती असा निष्कर्ष कुणी काढू नका, बसून बघा.

आता मीटर. जुन्यात दोन गोल काट्याचे मीटर आणि मध्ये ४.२ इंचाची छोटी स्क्रीन. नव्यात खालच्या ट्रिमला ७ इंची आणि वर १२.३ इंची पूर्ण डिजिटल. खरं सांगतो, मी काट्यांच्या बाजूचा माणूस आहे, कारण काटा कुठे आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, आकडा मात्र वाचावाच लागतो. नव्यात वेगवेगळे लेआउट निवडता येतात, मी त्यातला सगळ्यात साधा, गोल डायलवाला लावला आणि मग काही अडचण वाटली नाही. रात्री मात्र नवा मीटर जास्त सुस्पष्ट आहे.

स्क्रीनवर येतो. साधी आहे ती ८ इंची, मोठी १४ इंची. माझ्या २०१७ च्या गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनचे नकाशे आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय, काहीच नाही, ते टॅकोमाला २०२० मध्ये मिळालं, म्हणजे त्याआधीची चार वर्षं सगळ्यांनी फोनचा स्टँड लावूनच काढली. नव्यात दोन्ही वायरलेस. फोन खिशात, नकाशा समोर, आणि १४ इंचांवर नकाशा बघणं म्हणजे पुढची तीन-चार वळणं एका नजरेत दिसतात, हा फायदा मान्य केलाच पाहिजे. रिव्हर्स कॅमेऱ्याचाही तसाच, हौद्याच्या मागे ट्रेलरचा हुक जोडायला कॅमेरा मोठा दिसला की दोनदा उतरून बघायचं काम वाचतं. पण खराब रस्त्यावर हलत्या गाडीत टचस्क्रीनवर बोट नेमकं बसत नाही, ही कुठल्याही गाडीतली गोष्ट आहे आणि स्क्रीन मोठी असली म्हणून जात नाही, उलट लांबच्या कोपऱ्यातल्या बटणापर्यंत हात आणखी लांब न्यावा लागतो. जुन्यात स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना दोन नॉब होते, एक आवाजाचा आणि एक स्टेशन बदलायचा, नव्यात आवाजाचा तेवढा राहिलाय. मला दुसरा पण हवा होता. आणि एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा, गाडीचं स्वतःचं क्लाउडवरचं नेव्हिगेशन हे सबस्क्रिप्शनवर चालतं, सुरुवातीचा ट्रायल संपला की पैसे भरा नाहीतर फोनवरचा नकाशा वापरा. मी फोनचाच वापरतो त्यामुळे मला फरक पडत नाही, पण रेंज नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांनी ऑफलाइन नकाशे डाउनलोड करूनच निघायचं.

एवढी मोठी स्क्रीन दिली की कंपन्या एसी पण त्यातच ढकलतात, ते इथे केलेलं नाही आणि याबद्दल डिझाइन करणाऱ्यांचे मनापासून आभार. एसीची खरी, दाबता येणारी बटणं स्क्रीनच्या खाली ओळीने आहेत, मोठी आहेत, हातमोजे घालून दाबता येतात. तरीसुद्धा जुन्या गोल नॉबची सर नाही. नॉब कसा, डावीकडे पूर्ण फिरवला की थंड, उजवीकडे पूर्ण फिरवला की गरम, न बघता कळतं की आपण कुठे आहोत. मित्राच्या गाडीत बटण किती वेळा दाबलं ते मोजावं लागतं किंवा मान खाली घालून आकडा बघावा लागतो. छोटी गोष्ट आहे पण दिवसातून वीस वेळा करायची आहे.

ऑफ-रोडची बटणं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. जुन्यात मल्टी-टेरेन सिलेक्ट (चिखल, वाळू, दगड असा मोड निवडायचा) आणि क्रॉल कंट्रोल (गाडी आपोआप अगदी हळू चालवणारा) छतावर, आरशाच्या वरच्या पॅनलमध्ये, आणि फोर व्हीलचा नॉब खाली डॅशबोर्डवर. म्हणजे दगडधोंड्यात गाडी अडकलीये, नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडावर पाहिजे आणि तुम्ही एकदा खाली हात घालताय, एकदा वर मान करून नॉब शोधताय. सवय झाली की हात जातो, मी वर म्हटलंच, पण नव्या माणसाच्या हातात गाडी दिली की त्याला सगळं समजावून सांगावं लागतं. नव्यात हे सगळं गिअरच्या आसपास कन्सोलवर एकत्र आणलंय. कोपर टेकवून, नजर न हलवता मोड बदलता येतो. ज्याने कुणी हा निर्णय घेतला तो स्वतः चिखलात गाडी घेऊन गेलेला माणूस असणार. पार्किंग ब्रेकही आता इलेक्ट्रॉनिक आहे आणि सोबत ब्रेक होल्ड आहे, ट्रॅफिकमध्ये थांबलं की पाय काढून ठेवता येतो, याची सवय मला दोनच दिवसांत लागली.

प्लास्टिकबद्दल बरेच लोक नाक मुरडतात की एवढ्या नव्या गाडीत पण कडकच प्लास्टिक. आहे, कडक आहे. दारावर, डॅशबोर्डच्या खालच्या भागात सगळीकडे. पण मला त्यात काही गैर वाटत नाही, पिकअप आहे ही, बूट लागणार, ओली दोरी आत टाकली जाणार, कुत्रा बसणार, ओल्या फडक्याने पुसलं की झालं पाहिजे. जुन्याचं कडक प्लास्टिक इतक्या वर्षांत कुठे तडकलेलं नाही, फक्त ओरखडे आहेत. नव्यात जिथे हात लागतो तिथे, म्हणजे कोपर टेकतो ती जागा, दाराची जाडजूड मूठ, तिथे बरं मटेरियल दिलंय आणि बाकी ठिकाणी नाही, हा हिशोब मला पटतो. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डमध्ये एक उघडा कप्पा आहे, चष्मा, पावत्या, चार्जर सगळं तिथे पडतं. चार्जिंगसाठी यूएसबी-सी, म्हणजे जुनी वायर घरीच ठेवा. काही गाड्यांमध्ये जेबीएलचा म्युझिक सेट मिळतो आणि त्यात डॅशबोर्डवरचा मधला स्पीकर उचलून बाहेर नेता येतो, ब्लूटूथवर वाजतो, परत जागेवर ठेवला की चार्ज होतो. मित्राच्या गाडीत नाहीये त्यामुळे आवाजाबद्दल बोलत नाही, कल्पना मात्र आवडली.

मागची सीट. इथे माझा उत्साह जरा कमी होतो. डबल कॅबमध्ये मागच्या पायाची जागा ३२.६ इंचांवरून ३३.७ इंच झालीये, म्हणजे एक इंच आणि वर थोडी. बाबांना दोन्ही गाड्यांमध्ये मागे बसवून बघितलं, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्यांच्यासारखा परीक्षक नाही. ते म्हणाले, आत शिरताना बरं वाटतं, बसल्यावर फार फरक नाही. माझी उंची ५ फूट ११ इंच, माझ्या मापाने पुढची सीट लावून मागे बसलो तर गुडघा टेकत नाही पण बोटभरच अंतर राहतं. मोठी माणसं रोज मागे बसणार असतील तर या आकाराची पिकअपच नको, मोठी घ्या.

आणि हायब्रिड घेणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. आय-फोर्स मॅक्स, म्हणजे टॅकोमाच्या हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटच्या खाली आहे. साध्या गाडीत सीट उचलून खाली टूल, दोऱ्या, फर्स्ट एड असं सामान ठेवायची जी सवय असते ती जागा तिथे बॅटरीने घेतलीये. त्याच्या बदल्यात २४०० वॉटपर्यंतचं, घरातल्यासारखं विजेचं सॉकेट मिळू शकतं, ज्यांना साइटवर ड्रिल, करवत चालवायचीये त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे, माझ्यासारख्याला सीटखालची जागा जास्त प्यारी.

टीआरडी प्रो या ऑफ-रोडच्या वरच्या ट्रिममधल्या आयसोडायनॅमिक सीट पण सांगायला हव्यात कारण त्यांची चर्चा फार झाली. सीटमध्येच शॉक ॲब्सॉर्बर आहेत, हवा आणि तेलावर चालणारे, म्हणजे गाडी आपटली तरी डोकं आणि नजर स्थिर राहावी असा उद्देश. डीलरकडे बसून बघितल्या, ठरावीक हवा भरून आपल्या वजनाप्रमाणे लावायच्या असतात. वाळवंटात जोरात पळवणाऱ्याला उपयोग होईल हे मान्य, पण ती सगळी यंत्रणा सीटच्या पाठीमागे आहे आणि ती जागा येते मागच्या माणसाच्या गुडघ्यातून. आधीच तिथे इंच इंच मोजतोय आपण. माझं स्पष्ट मत, कुटुंब घेऊन फिरणाऱ्याने प्रोच्या वाटेला जाऊ नये, साधी ऑफ-रोड घ्यावी.

आणखी एक बदल डबल कॅबवाल्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या ॲक्सेस कॅबमध्ये मागे उलटी उघडणारी छोटी दारं आणि घडीच्या सीट होत्या. नव्यात तिच्या जागी एक्स्ट्रा कॅब आलीये, दोनच दारं, दोनच सीट, आणि मागे लॉक करता येणारी सामानाची जागा. त्या घडीच्या सीटवर मोठं माणूस दहा मिनिटंही नीट बसू शकत नव्हतं, त्यामुळे कामासाठी गाडी घेणाऱ्याला हे जास्त सोयीचं आहे, पण लहान मुलाला अधूनमधून मागे बसवणाऱ्यांचा मार्ग बंद झाला.

२०२० ते २३ ची पॉवर सीटवाली गाडी असेल आणि पाठीची तक्रार नसेल तर केवळ आतल्या भागासाठी बदलायची घाई करू नका, कारप्ले तुमच्याकडे आहेच. २०१६ ते १९ वाल्यांनी मात्र एकदा तरी नवी लांब चालवून बघा, पाच मिनिटं नाही, तास-दीड तास. मी स्वतः मॅन्युअल गिअरची डबल कॅब चालवायला मिळायची वाट बघतोय, सहा गिअरचा मॅन्युअल नव्या पिढीतही ठेवलाय, फक्त हायब्रिडला मिळत नाही, आणि नव्या उंचीवर क्लचला पाय कसा बसतो हे बघितल्याशिवाय मी माझी विकायला काढणार नाही.